तात्या-दस्तगीरचा बँड का मोडला

साताऱ्याकडे जाऊन आलेल्या माणसाला दोनच गोष्टी विचारतात. पाचगणीची हवा कशी होती, आणि पेढे आणलेत का. मी पाचगणीला गेलो नाही. पेढे आणले होते, पण ते पुणं यायच्या आधीच संपले, आणि ते कोणी संपवले याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. यंदाच्या वैशाखात मी आठ दिवस कोरेगाव, सातारा आणि सांगली एवढ्याच मुलखात फिरलो, तेही एका मोडलेल्या बँडच्या मागे. अकोल्याला शाळेत हे सांगितलं तेव्हा सगळे मास्तर हसले. हसोत बापडे. त्यांनी तो बँड ऐकलेला नाही.

आमच्या वऱ्हाडात आधी लग्नाची तारीख निघते, मग वाजंत्री ठरतात. कोरेगावच्या पंचक्रोशीत उलटं होतं. तिथं लोक आधी तात्या हवालदारांना विचारायचे, तुम्ही कधी मोकळे, आणि मग पंचांग उघडायचे. तात्या वीस वर्षं लष्करी बँडमध्ये ट्रंपेट वाजवून पेन्शनीत आलेले. दस्तगीरभाई कोरेगावातच भांड्यांना कल्हई करणारे, क्लॅरिनेट आपलं आपण शिकलेले. दोघांनी मिळून चौदा माणसांचा बँड उभा केला. तात्यांनी गावच्या पोरांना अशी पावलं टाकायला शिकवली की धुळीच्या गल्लीत चौदा डावे पाय एकदम पडत, आणि त्या शिस्तीवर दस्तगीरभाई असं गोड वाजवत की ओट्यावरच्या बाया हातातलं काम टाकून उभ्या राहत. कराड, विटा, तासगावहून त्यांना न्यायला ट्रक यायचे. माझं स्वतःचं लग्न या बँडची तारीख मिळेना म्हणून तीन आठवडे पुढे गेलं होतं, आणि त्याचा मला आजही राग नाही.

कोरेगाव

सासुरवाडी कोरेगावपासून तीन मैलांवर. दुष्काळ सरून एक पावसाळा झालेला, विहिरींना पाणी होतं आणि माणसांच्या बोलण्यात जरा जोर आला होता. माझी धाकटी मेहुणी इंदू हिचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. मामींनी आल्याआल्या वाघ्या घेवड्याची उसळ आणि भाकरी वाढली. हा घेवडा त्या मातीतच व्हावा. आमच्याकडची पातोडीची भाजी मला प्राणाहून प्रिय आहे, तरी त्या दिवशी मी तिसऱ्यांदा उसळ मागितली, आणि सुमन, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे डोळे मोठे करून बघत राहिली.

हात धुताना मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खरी गोष्ट सांगितली. तात्या-दस्तगीरचा बँड दोन वर्षांपूर्वीच मोडला होता. तात्या साताऱ्याला मुलाकडे गेले, दस्तगीरभाई सांगलीला. मामांनी दुसरा बँड ठरवला, तर इंदू रुसली. आमच्या लग्नात ती दहा-अकरा वर्षांची होती आणि वरातीपुढे नाचून नाचून तिच्या पायाला फोड आले होते. तेव्हा तात्यांनी तिला सगळ्यांदेखत शब्द दिला होता, तुझ्या लग्नालाबी आम्हीच.

"दुसरा बँड आणणार असाल तर बिनवाजाचं लगीन लावा," इंदू म्हणाली. "त्यांनी शबुद दिलाय. त्यांनी येऊन सांगू दे की येत न्हाई म्हणून."

मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुमीच जावा. मी गेलो तर दोघंबी न्हाई म्हनतील. जावयाला कोन न्हाई म्हनत न्हाई."

हे त्या मुलखातलं खरंच आहे. एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे गावाची नाचक्की. आमच्या वऱ्हाडात जावयाचा मान जेवणापुरता. मला हा नवा अधिकार आवडला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून निघालो.

निघण्याआधी बँड का मोडला हे जरा काढावं म्हणून कोरेगावच्या पेठेत दोन तास घालवले. न्हावी म्हणाला, ढोलावर पहिलं नाव कुणाचं, यावरून. चहावाला म्हणाला, दस्तगीरला मुंबईच्या सिनेमावाल्यांनी बोलावलं होतं. पानवाल्याने दोघांच्या बायकांवर ढकललं, आणि त्याची स्वतःची बायको आतून म्हणाली, "बायकांवर ढकललं की तुमचं झालं." एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं जुळत होतं. आठवडे बाजारात, भर गर्दीत, दस्तगीरभाईंनी तात्यांना सुनावलं होतं, तुझं ते लेफ्ट-राइट आता शिळं झालं, लोकांना नवी गाणी पाहिजेत, मी चाललो. सगळ्या बाजाराने ते ऐकलं होतं. एवढा चाललेला बँड चार वाक्यांत संपला.

सातारा

तात्यांचा मुलगा सरकारी कचेरीत कारकून. घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, कौलारू, दारात जास्वंद. साताऱ्यात दर चौथा म्हातारा ताठ चालतो आणि दर चौथ्या घराच्या भिंतीवर फौजेतला फोटो असतो. तात्या ओसरीवर बसले होते. पांढऱ्या मिशा, इस्त्रीची खाकी पँट, पायात पॉलिश केलेले बूट. घरात बसायला कोणी बूट घालतं का, हे मी मनात म्हटलं.

मी नमस्कार करून कोणाचा जावई आणि अकोल्याला मास्तर आहे ते सांगितलं. त्यांनी हात धरून बसवलं.

"प्रवासात उन्हाचा फार त्रास झाला," मी म्हणालो.

"व्हय, यंदा आंबा कमीच हाय," तात्या म्हणाले.

मला वाटलं, सैन्यातला माणूस, उन्हाचं कौतुक नसेल. मग त्यांनी माझ्याकडे पाठ करून माठातलं पाणी काढायला घेतलं तेव्हा मी हळूच विषय काढला. म्हटलं, दस्तगीरभाईंची आणि तुमची पुन्हा गाठ पडावी असं इंदूला वाटतं. तात्यांनी उत्तर दिलं नाही. वळलेसुद्धा नाहीत. सावकाश तांब्या भरला, फडक्याने पुसला आणि माझ्यापुढे ठेवून विचारलं, "गूळ देऊ का संगं?"

मला राग आला. जावयाचा एवढा अपमान माझ्या आठवणीत कोणी केला नव्हता. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "काय म्हनलासा मास्तर, परत बोला."

मी समोरून, जरा घुश्शातच, सगळं पुन्हा सांगितलं. इंदूला दिलेल्या शब्दाचा विषय निघताच त्यांचा चेहरा उतरला.

"शबुद दिलाय खरं," ते म्हणाले. "पन एकट्याचा बँड नसतो. दस्तगीरला सांगा, माझ्यासमोर ये आनि का गेलास ते खरं सांग. त्यानं खरं सांगितलं तर मी वाजवीन. न्हाईतर त्या पोरीची मी पाय धरून माफी मागंन."

पन्नाशी उलटलेला फौजी गडी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीचे पाय धरायची भाषा करतोय, हे ऐकून माझा राग कुठल्याकुठे गेला. मी पेढ्यांचे दोन पुडे घेतले आणि सांगलीची एसटी धरली.

सांगली

सांगलीत उतरलं की आधी हळदीचा वास येतो, मग ऊन लागतं. पेठेत पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या पाठी पिवळ्या, दुकानदारांच्या चोपड्यांच्या कडाही पिवळ्या. मी भडंगाचा पुडा घेतला आणि खात खात चालताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय अनवाणी घेऊन तापलेल्या फरशीवर उड्या मारत मी चांभाराकडे पोचलो. चपलेला टाके घालता घालता त्याला दस्तगीरभाईंचा पत्ता विचारला, तर तो शेजारचंच दुकान दाखवून हसला.

दुकान म्हणजे एक खोली. अर्ध्या भागात कल्हईची भट्टी, अर्ध्यात छताला टांगलेली चेपलेली ट्रंपेटं आणि तोंडं वाकलेले कर्णे. साऱ्या जिल्ह्यातले बँडवाले वाद्यं दुरुस्तीला इथंच आणत. दस्तगीरभाई बारीक अंगाचे, चष्म्याला दोरा बांधलेला. साताऱ्याहून आलो म्हटल्यावर त्यांनी भट्टीचा भाता थांबवला.

"तात्या जेवतो का वेळेवर?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी अकोल्याचा मास्तर, इंदूचा मेव्हणा, अशी ओळख देऊन तात्यांचा निरोप सांगितला. त्यांनी मला चहा पाजला आणि एक वाकलेला कर्णा ठोकायला घेतला. मग मी माझं ठेवणीतलं शस्त्र काढलं. म्हटलं, मी जावई आहे, रिकाम्या हाताने जाणार नाही, इथंच बसतो. आणि खरोखर भिंतीला टेकून बसलो.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "तुमी लांबचं. अकोल्याला परत जानार. म्हनून सांगतो. तात्याच्या कानावर जाऊ देऊ नगा."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या भागात वरात एखाद्या मयत झालेल्या घरापुढून जायची असेल तर बँड मुका होतो. साइड ड्रमवर दोन टिपऱ्या पडतात, सगळे एकदम थांबतात आणि ते घर ओलांडेपर्यंत नुसती पावलं वाजतात. कराडकडच्या एका गावात सकाळी एक तरुण मुलगा गेला होता आणि दुपारची वरात त्याच गल्लीतून होती. टिपऱ्या पडल्या. तेरा माणसं थांबली. तात्या नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे दहा पावलं, मागे वळून न बघता, ते वाजवतच राहिले. एकटे. नाचायचं गाणं.

"त्या पोराची आई दारात आली," दस्तगीरभाई म्हणाले. "तात्याला वाटलं, ऐकायला आली. त्यानं तिला मान लववून सलाम केला आनि आनखी जोरात वाजवलं."

मी भडंगाच्या रिकाम्या पुड्याची उगाच घडी घालत बसलो.

"समद्यांला वाटलं, घेतलीया. तात्यानं जन्मात थेंब घेतला न्हाई. म्हनला, तंद्री लागली. त्या बाईचं पाय धरलं, तिनं माफ बी केलं. पन मी समजलो. महिनाभर बघितलं. मागनं हाक मारली की वळायचा न्हाई. कान गेलं हुतं त्याचं. आता मला सांगा, बहिऱ्या मानसाचा बँड म्हनून लोकांनी हसायचं का? मीच बाजारात भांडन काढलं. बँड मोडला. आज कोनबी इचारलं तर लोक म्हनत्यात, दस्तगीर मातला. म्हनू देत. तात्याला कोन बहिरा तर म्हनत न्हाई."

मला ओसरीवरचा आंबा आठवला, माठ आठवला, आणि माझी मलाच लाज वाटली.

"आनि आता आलो तर त्याला वाजवायला लागंल," ते म्हणाले. "परत चुकला तर? त्यापेक्षा मी वाईट हाय तेच बरं." त्यांनी भाता पुन्हा हातात घेतला. मी दुरुस्त झालेली चप्पल घालून बाहेर पडलो. जावयाच्या अधिकाराने तिथं काहीच होण्यासारखं नव्हतं.

पुन्हा सातारा

वाटेत एक खोटं रचलं. दस्तगीरभाईंना आपल्या बोलण्याचा पश्चात्ताप आहे, पण त्यांची तब्येत बरी नाही, वगैरे. शाळेत रजेचे अर्ज वाचून वाचून मला असली खोटी बरी सुचतात. ओसरीवर बसून, तात्यांच्या अगदी समोर तोंड धरून, मी ते सावकाश आणि स्पष्ट म्हटलं.

तात्या माझ्या ओठांकडे बघत होते. मी संपवल्यावर म्हणाले, "परवा तुमी भरभर बोलत हुता. आज शाळेत शुद्धलेखन घालावं तसं बोलताय. म्हंजे त्यानं तुमाला सांगितलं."

मी मान डोलावली.

"मला काय ठावं न्हाई व्हय मास्तर? कान माझं हाईत. त्या बाजारात दस्तगीर भांडला तवा एकेक शबुद सुटा करून, तोंड येवढं उघडून भांडला. मला समजावं म्हनून. भांडनारा मानूस असं बोलतो? मी तिथंच वळखलं, ह्याला कळलंय." त्यांचा आवाज चढला, मग त्यांनी तो खाली आणला. "कान गेलं त्याचं काय न्हाई. पर दस्तगीर एका ताटात जेवला माझ्या. त्यानं येऊन म्हनायचं हुतं, तात्या, तुला ऐकू येत न्हाई, आता काय करायचं? आमी काय तरी केलं असतं. त्यानं माझी कीव केली आनि पळाला. त्याचा मला राग हाय."

मग ते उठले. टोपी घातली. बूट तर पायात होतेच. "चला," म्हणाले.

मी त्या दिवशी दुसऱ्यांदा एसटीत बसलो. सांगलीला त्या दोघांची गाठ पडली तिचं वर्णन करावं असं त्यात काही नाही. दोघं अर्धा तास एकमेकांशेजारी बसून चांभाराचं काम बघत होते. मग तात्या म्हणाले, "इंदूला शबुद दिलाय. येवढं एकच वाजवायचं, शेवटचं. ऐकू येत न्हाई, पन तुझी बोटं दिसली तर वाजवीन. मी पाठ फिरवून चालतो."

दस्तगीरभाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "उलटं चालनार? ट्रंपेट वाजवत? पडशील."

"पडंन की."

संध्याकाळी कृष्णेच्या काठी दोघांनी तसं चालून बघितलं. तात्या दोनदा पडले आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी धुणं सोडून तमाशा बघितला.

लग्न

जुनी मंडळी आली. काहींनी दुसऱ्या बँडांतून रजा काढली होती. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वाजत आणायचं, दुपारची वेळ, वाटेत एक गटार, दोन पायऱ्या आणि कोणाची तरी बांधलेली म्हैस. तात्या तोंड बँडकडे आणि पाठ रस्त्याकडे करून उभे राहिले. त्यांना वाट दाखवायला मागे कोणीतरी हवं होतं. मामांनी माझ्यासाठी मांडवात खुर्ची टाकली होती, फेटा बांधला होता. मी फेट्यासकट तात्यांच्या कमरेचा पट्टा धरला आणि वरातीच्या सगळ्यात पुढे निघालो. डावीकडे गटार आलं की पट्टा उजवीकडे ओढायचा, पायरी आली की दोन हिसके. मामा लांबून कपाळाला हात लावून बघत होते.

मी त्यांना म्हशीपासून वाचवलं. स्वतः गटारात गेलो, नव्या धोतरासकट. तात्या पडले नाहीत.

कसं वाजवलं ते सांगायला हवं. पूर्वीसारखं नाही. दोन जागी तात्या मागे राहिले, आणि दस्तगीरभाई एकच सूर लांबवत त्यांच्यासाठी थांबले. सगळा बँड थांबला. मग तात्या आले आणि पुढे निघाले. पूर्वी हे दोघे एकमेकांकडे बघत नसत, गरज नसे. त्या दिवशी सबंध वाटभर तात्यांची नजर दस्तगीरभाईंच्या बोटांवर होती, आणि मला पट्ट्यातून त्यांचा प्रत्येक श्वास कळत होता. मी रडलो. फेट्याचा शेमला तोंडावर घेऊन रडलो आणि लोकांना वाटलं गटारामुळे. नवरीने बाहेर डोकावायचं नसतं, पण माडीच्या खिडकीत इंदू हुंदके देत उभी होती आणि तिला आत ओढणाऱ्या मामीही तिथंच उभ्या होत्या.

अक्षता पडल्या. पंगतीची तयारी चालली होती. बँडवाल्यांनी लिंबाखाली वाद्यं ठेवली. तात्यांनी ट्रंपेटाची फुंकायची तोटी काढून पुसली, खिशात ठेवली आणि दस्तगीरभाईंपुढे जाऊन उभे राहिले.

"त्या दिवशी बाजारात लुटुपुटीचं भांडलास," ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, सगळा मांडव वळला. "आता खरं काय ते बोल. मला समजावं म्हनून बोलू नगंस. भरभर बोल, तुझं तुला बोल."

दस्तगीरभाईंनी मान खाली घातली आणि जमिनीकडे बघत, एका दमात, काहीतरी पुटपुटले. तात्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय म्हनला?"

मी शेजारीच होतो, मी ऐकलं होतं. तात्यांच्या समोर वाकून हळू आवाजात सांगायला लागलो, तर त्यांनी डोकं हलवलं. "मोठ्यानं."

समोर मामा, मामी, नवऱ्याकडची सगळी पाहुणेमंडळी. मी या घरचा जावई, अंगावर गटाराचा चिखल. दोन वर्षं दोन जिल्ह्यांत जो शब्द कोणी तोंडातून काढू नये म्हणून एक माणूस बदनाम झाला, तोच आता मला ओरडायचा होता. मी दस्तगीरभाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

मी छातीत हवा भरली आणि तात्यांच्या समोर तोंड धरून ओरडलो, "ते म्हणतात, बहिऱ्या रेड्या, दोन वर्षं तुझ्यावाचून मला घास गोड लागला नाही!"

तात्या हसायला लागले, इतके की त्यांना दस्तगीरभाईंच्या खांद्याला धरावं लागलं.

"येवढं म्हनायला ह्याला दोन वरसं लागली मास्तर," ते मला म्हणाले, आणि दस्तगीरभाईंचा हात न सोडता त्यांना पंगतीकडे घेऊन गेले. मीही धोतर झटकून त्यांच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसलो.